पिवळा मीटर जळतो कसा?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बांधीवर नेट चालत नाही म्हणून जे डाउनलोड करून वाचतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग लिहून टाकतोय. बोलताना मधे मधे येणारं "म्हणजे काय की" तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय तुमच्याचकडून आलाय. मागच्या महिन्यात मोटर जळण्यावर भाग केला, त्यानंतर आलेल्या व्हॉइस नोटमध्ये निम्म्या लोकांचं म्हणणं एकच: "भाऊ, मोटर राहू द्या, आधी मीटरच जळतो त्याचं सांगा." बरोबर आहे. आयटीआयला वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला आपल्याकडचा पोरगा पहिली वस्तू घेतो ती पिवळा मल्टीमीटर. दोन-अडीचशे रुपयांत येतो, खिशात मावतो. आणि बऱ्याचदा पहिल्या सहा महिन्यांतच त्याचा धूर निघतो.

माझं आमगावला मोटर रिवाइंडिंगचं आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मीटर दाखवायला आणतात, "होत असेल तर करा, नाहीतर ठेवून घ्या" म्हणतात, आणि ठेवूनच जातात. असे मेलेले मीटर मी एका खोक्यात टाकत गेलो. एकदा सगळे उघडून बघितले. कारणं फार नाहीत हो. तीन-चारच आहेत, तीच ती. पण त्यातलं एक कारण असं आहे की त्यात मीटर गेला तर नशीब समजायचं, कारण त्यात हात आणि डोळेही जातात. तिथूनच सुरू करू.

तुमचा मीटर समोर घ्या. खाली तीन भोकं आहेत. सगळ्यात खालचं कॉम, तिथे काळी वायर. मधलं व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअरचं, तिथे लाल वायर. आणि वरचं, दहा अँपिअरचं. या वरच्या भोकाजवळ बारीक अक्षरात "अनफ्यूज्ड" छापलेलं असतं. अनफ्यूज्ड म्हणजे आत फ्यूजच नाही. मीटर उघडला तर दिसेल, त्या भोकापासून कॉमपर्यंत एक जाड तार वाकवून डाग दिलेला आहे. तिला शंट म्हणतात. तिचा रोध साधारण एका ओहमचा शंभरावा भाग. म्हणजे जवळपास काहीच नाही.

आता नीट ऐका. लाल वायर वरच्या भोकात असेल तर नॉब कुठेही असो, व्होल्टवर असो, ओहमवर असो, अगदी बंद केलेला असो, तुमच्या हातात मीटर नाही. तुमच्या हातात तारेचा एक तुकडा आहे, ज्याची दोन टोकं लाल आणि काळी आहेत. ती दोन टोकं तुम्ही फेज आणि न्यूट्रलला लावली की तुम्ही स्वतःच्या हातानं शॉर्ट करताय. नॉब ७५० व्होल्टवर आहे याचा काडीचा उपयोग नाही, कारण ती तार नॉबच्या रस्त्यानं जातच नाही.

हे होतं कसं? सकाळी कोणीतरी स्कूटीची बॅटरी किंवा एलईडी पट्टीचा करंट मोजला, लाल वायर वरच्या भोकात घातली. काम झालं, मीटर पेटीत टाकला. दुपारी दुसऱ्याचा फोन आला, "मोटर चालू होत नाही." गेला, नॉब एसी ७५० वर फिरवला, पिना लावल्या. फाट्! घरातल्या बोर्डात असेल तर एमसीबी पडते, पिनांची टोकं वितळतात, मीटर काळा होतो, विषय संपतो. पण तेच डीपीजवळच्या स्टार्टरवर झालं तर?

थोडं गणित करू. आपल्याकडे गावाबाहेर शेतीपंपासाठी जी डीपी असते ती ६३ किंवा १०० केव्हीएची बघायला मिळते. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, खालच्या बाजूला ४३३ व्होल्ट. फुल लोडला एका फेजचा करंट साधारण १३३ अँपिअर. या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स साडेचार टक्क्यांच्या आसपास असतो. १३३ ला ०.०४५ नं भागा. जवळपास ३००० अँपिअर येतात. म्हणजे डीपीच्या अगदी जवळ शॉर्ट झाला तर एवढा करंट वाहू शकतो. लाईन लांब गेली की तारेच्या रोधामुळे तो कमी होतो, पण शंभर-दोनशे मीटरवर असलात तरी शेकड्यात राहतो. त्या अडीचशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या डबीत, तुमच्या तोंडासमोर.

तेव्हा पिनेच्या टोकावर जी ठिणगी पडते ती साधी ठिणगी नसते. तांबं वितळत नाही, त्याची वाफ होते. त्या वाफेतून पुन्हा करंट वाहतो, म्हणून ती ठिणगी लगेच विझत नाही. यालाच आर्क म्हणतात. ज्यांनी वेल्डिंग केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यावर काच असते.

"मग फ्यूज असलेला मीटर घेतला तर?" चांगला प्रश्न. पण फ्यूज कोणता? मधल्या भोकामागे जो असतो तो वीस मिलिमीटर लांबीचा काचेचा, २०० किंवा ५०० मिलिअँपिअरचा, २५० व्होल्टचा. अशा साध्या काचेच्या फ्यूजची करंट तोडण्याची ताकद साधारण ३५ अँपिअर. छोट्या चुकीत तो इमानदारीनं उडतो. पण मागे शेकडो अँपिअर ढकलणारी लाईन असेल तर तार वितळते, काच फुटते आणि आर्क आतच सुरू राहतो. चांगल्या मीटरमध्ये असतो तो चिनी मातीचा, आत वाळू भरलेला फ्यूज, एचआरसी म्हणतात तो. ती वाळू वितळून आर्क गिळते. तो हजारो अँपिअर तोडू शकतो, म्हणूनच एकटा फ्यूज कधीकधी तुमच्या अख्ख्या पिवळ्या मीटरपेक्षा महाग असतो. आणि म्हणूनच उडालेल्या फ्यूजच्या जागी वायरची बारीक तार गुंडाळणारा माणूस दिसला की मला राग येतो. खोक्यातल्या दोन मीटरमध्ये अशी तार निघाली. किटकॅटमध्ये जाड तार घालायची सवय असते आपल्याला, तीच सवय इथे येते.

यावर एक उपाय आपल्याच महाराष्ट्रात झालाय. नाशिकच्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सच्या रिश मल्टी मीटरमध्ये भोकांना झडप असते. नॉब व्होल्टवर असेल तर करंटचं भोक बंद, वायर जातच नाही. वायर करंटच्या भोकात असेल तर नॉब व्होल्टवर फिरत नाही. माणूस विसरतो हे धरूनच ती वस्तू बनवलीय. मला हा विचार आवडतो. अर्थात त्याची किंमत पिवळ्याच्या कितीतरी पट आहे, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी काय करायचं? मी माझ्या दुकानातल्या पोरांना सांगितलंय, वरच्या भोकावर इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा. करंट मोजायचाच असेल तर टेप काढावी लागते, आणि टेप काढताना माणूस एकदा तरी थांबतो.

खरं सांगायचं तर, मोटरचा करंट पिवळ्या मीटरनं मोजायचाच नाही. पाच एचपीची थ्री फेज मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, हे मान्य. पण सुरू होताना डायरेक्ट स्टार्टरवर तीच मोटर सहापट घेते. ४० च्या वर गेला ना आकडा! दहाच्या भोकात ४० घातले तर काय होणार? शिवाय त्या मीटरच्या कागदावर लिहिलेलं असतं की दहा अँपिअरसुद्धा काही सेकंदच मोजायचे, मग थंड होऊ द्यायचा. मोटरसाठी क्लॅम्प मीटर घ्या. वायर तोडायची नाही, जबड्यात धरायची, आकडा बघायचा. धानाच्या एका सीझनमध्ये त्याचे पैसे निघतात.

आता दुसरं कारण. खोक्यातले सगळ्यात जास्त मीटर या रोगानं मेलेत. बजर.

आपण दिवसभर मीटर कशावर वापरतो? कंटिन्युटीवर. टूं वाजलं की वायर चांगली. त्यामुळे नॉब कायम बजरवर राहतो, आणि मग त्याच नॉबवर पिना लाईनला लागतात. ओहम आणि बजरवर मीटर स्वतःच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीतून बारीकसा करंट बाहेर सोडतो आणि किती परत येतो ते बघतो. त्याला तुम्ही उलट बाजूनं २३० व्होल्ट दिले तर तो सगळा मार आतल्या चिपवर जातो. चांगल्या मीटरमध्ये या वाटेवर पीटीसी थर्मिस्टर असतो, गरम झाला की वाट अडवतो. अनेक स्वस्त मीटरमध्ये तो नसतोच. एका मीटरच्या बोर्डावर तर त्याची जागा छापलेली होती, पण भाग बसवलेला नव्हता.

हा मीटर मेला की पूर्ण मरत नाही, हे त्यातलं वाईट. डिस्प्ले चालू राहतो. आकडे दाखवतो. फक्त खोटे दाखवतो. लाईन चालू असताना शून्य दाखवणारा मीटर हा जळून कोळसा झालेल्या मीटरपेक्षा जास्त धोकादायक, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून तुम्ही वायरला हात लावता. म्हणून लाईन बंद आहे की नाही बघायचं असेल तर तीन वेळा मोजा. आधी जिथे लाईन नक्की आहे तिथे मोजा, मीटर २३० च्या आसपास दाखवतो ना बघा. मग तुमची वायर मोजा. मग परत त्या चालू ठिकाणी मोजा. तिसऱ्यांदा कशाला, असं विचारू नका. दुसऱ्या मोजणीतच मीटर मेला असेल तर ते तिसऱ्यातच कळतं.

बॅटरी उतरली तरी असाच घोळ होतो. या मीटरच्या आत तुलनेसाठी एक ठरावीक व्होल्टेज धरलेलं असतं. बॅटरी फार उतरली की ते खाली येतं, आणि मग मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. "भाऊ, आमच्याकडे २९० व्होल्ट येतेय" म्हणून फोन येतात, त्यात काही वेळा लाईनचा दोष नसतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. डिस्प्लेवर बॅटरीचं चिन्ह आलं की बदला. आणि दोन-तीन महिने मीटर लागणार नसेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती पाझरते आणि पट्ट्या खाऊन टाकते.

बजरच्याच घरातला तिसरा मारेकरी म्हणजे कपॅसिटर. सिंगल फेज सबमर्सिबलच्या पॅनलमध्ये दोन असतात, एक चालवायचा, एक सुरू करायचा. लाईन बंद केली म्हणून ते रिकामे झाले असं नाही. २३० व्होल्ट हा एसीचा सरासरीसारखा आकडा आहे, त्याचं टोक ३२५ व्होल्टला जातं. नेमक्या त्या टोकाला लाईन तुटली तर कपॅसिटर तेवढा भरून बसतो. मग तुम्ही त्याला ओहमवर लावता, "खराब आहे का बघू" म्हणून, आणि मीटर खराब होतो. आधी रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून फटाका वाजवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती बंद करा. पेच्याचं टोकही जातं, कपॅसिटरचंही नुकसान होतं. होल्डरला वायर लावलेला १०० वॅटचा जुना बल्ब घ्या, दोन्ही वायरी कपॅसिटरच्या टोकांना दोन-चार सेकंद धरा. मग डीसी व्होल्टवर बघा, शून्याजवळ आला का. मग ओहम.

नॉबबद्दल एक गोष्ट राहिली. पिना लाईनला टेकलेल्या असताना नॉब फिरवायचा नाही. का? व्होल्टवरून ओहमवर जाताना वाटेत करंटची घरं लागतात. तुम्ही एका क्षणात पुढे जाता, पण त्या क्षणात २३० व्होल्ट करंटच्या घरातून जाऊन येतात. पिना उचला, नॉब फिरवा, पिना लावा. आणि रेंज माहीत नसेल तर सगळ्यात मोठीपासून सुरू करा. थ्री फेजमध्ये दोन फेजच्या मधे ४१५ व्होल्ट असतात, तिथे २०० ची रेंज लावली तर डाव्या कोपऱ्यात एकटा १ दिसतो. तो १ व्होल्ट नाही. "माझ्या आवाक्याबाहेर आहे" असं मीटर ओरडतोय.

आता सोलर. यावर थोडं थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यात नवीन काम तिथेच आहे आणि आयटीआयमध्ये जुन्या बॅचला हे शिकवलेलं नाही.

पीएम-कुसुम २०१९ मध्ये आली, मागेल त्याला सौर कृषी पंप २०२४ मध्ये. सडक अर्जुनी, देवरी, सालेकसा, कुठेही जा, बांधीच्या धुऱ्यावर निळी पॅनलं दिसतात. पंप बंद पडला की शेतकरी आधी गावातल्या पोराला बोलावतो, कंपनीचा माणूस यायला वेळ लागतो म्हणून. पोरगा पिवळा मीटर घेऊन जातो. त्याच्या डोक्यात "सोलर म्हणजे बॅटरीसारखं, बारा-चोवीस व्होल्ट." तिथेच घात होतो.

एका मोठ्या पॅनलची दोन टोकं मोकळी सोडून मोजली तर ४०-४५ व्होल्ट येतात. पंपासाठी अशी पॅनलं सिरीजमध्ये जोडतात, एकामागे एक. दहा जोडली की ४०० च्या वर डीसी. डीसी आहे, एसी नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही. कनेक्टर लोडवर असताना ओढला तर आर्क लांबतच जातो. आणि पॅनलला स्विच नसतो मंडळी. सूर्य आहे तोवर लाईन चालू.

त्यात आपल्या गोंदियाची थंडी. विदर्भात सगळ्यात कमी तापमान गोंदियाला, ही बातमी डिसेंबर-जानेवारीत तुम्ही दर वर्षी वाचता. पॅनलवर छापलेलं व्होल्टेज २५ अंशाचं असतं. दर अंशाला तापमान खाली आलं की व्होल्टेज साधारण पाव ते तृतीयांश टक्का वर जातं. सकाळी दहा अंशात, ऊन नुकतंच पडलंय, तेव्हा ४५० चे ४७० होऊ शकतात. तुमच्या मीटरवर डीसीचं शेवटचं घर किती आहे ते आधी बघा. काहींवर १००० छापलंय, काहींवर ६०० किंवा ५००. आणि नुसतं छापलं म्हणून तेवढं पेलतो असं समजू नका, त्यावर पुढे बोलतोच.

करंटचं तर विचारूच नका. सोलरवाल्यांचे काही व्हिडिओ बघून पोरं पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट दहाच्या भोकात मोजतात. एका सुट्या पॅनलला हे चालतं, पॅनल शॉर्ट केल्यानं बिघडत नाही. पण आताची ५४० वॅटची पॅनलं १३-१४ अँपिअर देतात. दहाचं भोक, चौदाचा करंट, बिनफ्यूजचं. आणि अख्ख्या स्ट्रिंगवर हा प्रयोग केला तर पिना काढताना ४०० व्होल्टचा आर्क तुमच्या बोटांपासून चार इंचावर. डीसी क्लॅम्प मीटर नसेल तर सोलरचा करंट मोजू नका, सरळ सांगतो. या योजनेतल्या पंपांना पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, तक्रार नोंदवा, कंपनीच्या माणसाला येऊ द्या. गावात तुमचं नाव खराब होणार नाही त्यानं.

आता ते छापलेल्या आकड्याचं. मीटरवर "कॅट" लिहिलेलं असतं, पुढे रोमन दोन, तीन किंवा चार. आयईसी ६१०१० नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकातून ते आलंय. कॅट दोन म्हणजे घरातला प्लग आणि त्याला जोडलेली उपकरणं. कॅट तीन म्हणजे पक्की वायरिंग, बोर्ड, मोटरचा स्टार्टर, राइस मिलचं पॅनल. कॅट चार म्हणजे जिथून वीज येते ती जागा, खांबावरची लाईन, घराचं वीज मीटर. व्होल्टेज तेच ४१५ असलं तरी फरक का? कारण वीज कडाडली, किंवा मोठी मोटर बंद झाली, की लाईनवर क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो, आणि खांबाच्या जितकं जवळ तितका तो जोरदार. कॅट तीन ६०० व्होल्टचा मीटर ६००० व्होल्टचा असा झटका सोसण्यासाठी तपासलेला असतो. कॅट दोन ६०० चा ४००० साठी. गोंदियात राइस मिलमध्ये काम करणाऱ्यांनी कॅट तीन ६०० च्या खाली जाऊच नये. लीडवरही तेच छापलेलं हवं. मीटर कॅट तीन आणि लीड बाजारातली वीस रुपयांची, असं केलं तर सगळं वीस रुपयांचंच झालं.

एकानं विचारलंय, डीपीच्या वरच्या बाजूला मोजता येईल का. नाही. तिथे ११,००० व्होल्ट आहेत. कोणताही मल्टीमीटर तिथे चालत नाही, कॅट चारचासुद्धा नाही. डीपी उघडणं हे महावितरणच्या लाईनमनचं काम आहे, आपलं नाही, कितीही ओळख असली तरी.

मिलवाल्यांसाठी छोटीशी गोष्ट: कोंड्याची धूळ नॉबच्या खालच्या पट्ट्यांवर बसते, मग आकडा नाचतो. उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, रॉकेल नको. पावसाळ्यात मीटर भिजला तर दोन दिवस कोरड्या जागी उघडून ठेवा, आणि तोवर लाईनला लावू नका. ओल्या बोर्डावरून ४१५ व्होल्टला कुठूनही वाट मिळते.

मेगर लावताना मीटर सर्किटमधून काढा, हेही सांगून ठेवतो. मेगर ५०० व्होल्ट सोडतो, आणि मीटर ओहमवर असेल तर तो बिचारा तिथेच आडवा.

शेवटचा प्रश्न तिरोड्याहून आहे. "दादा, माझं बजेट हजार रुपयांचं आहे, आत्ताच काम सुरू केलंय, काय घेऊ?" भाऊ, अडीचशेचा पिवळा फेकू नको. तो रेडिओ, एलईडी, मोबाइल चार्जरची बाहेरची बाजू, बारा व्होल्टची बॅटरी, यासाठी ठेव, व्होल्ट आणि ओहमपुरता. वरच्या भोकावर टेप लाव. हजारात दुसरा मीटर घेताना एक प्रश्न विचार: दहा अँपिअरच्या भोकामागे फ्यूज आहे का? दुकानदाराला माहीत नसेल तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांग. दोन फ्यूज दिसले, मोठे, चिनी मातीचे, तर घे. एकच बारीक काचेचा दिसला तर बाहेर कितीही रबराचं कव्हर असू दे, आत तोच पिवळा आहे. आणि हजारात तसा नाही मिळाला तर घाई करू नको, दोन महिने थांब, तोवर थ्री फेजच्या कामाला कुणा अनुभवी माणसाबरोबर त्याचा मीटर वापर.

पुढच्या भागात मेगर घेऊ, कारण "मोटर अर्थ मारतेय" हे मल्टीमीटरवर का कळत नाही, याचे सात प्रश्न आलेत. तुमच्याकडे जळालेला मीटर असेल तर त्याचा फोटो पाठवा, झाकण उघडून. कुठे काळा झालाय ते बघून सांगतो कशानं गेला. चला, येतो.